आवाजाची डिग्री

आमच्या घरात एखादी गोष्ट मनापासून आवडली, की आधी तिला नावं ठेवायची पद्धत आहे. हा स्वभाव नाही, धंदा आहे. आमचं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. लोक घर बदलतात, गाव सोडतात, कधी भांडून वेगळे होतात, आणि त्यांची कपाटं, पलंग, टेबलं आमच्याकडे येतात. ती आणायला माझा नवरा जातो. घरीदारी सगळे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणते.

बाबा कपाट घ्यायला गेले, तर कपाटाकडे बघतच नाहीत. आधी छताकडे बघतात, मग पंख्याकडे. मग कोपऱ्यातल्या एखाद्या मोडक्या स्टुलाची तोंड भरून स्तुती करतात. निघता निघता, सहज आठवल्यासारखं, "हे कपाटही काढताय का? पाठीला कीड दिसतेय," असं म्हणतात. भाव जमला नाही, तर दाराकडे चालू लागतात. दारापर्यंत जाणं हा या धंद्यातला हुकमी डाव. सावकाश जायचं, बुटाच्या नाड्या बांधताना वेळ काढायचा, उंबरठ्यावर उगाच खाकरायचं. मागून हाक येतेच, "अहो, थांबा जरा." ही हाक आली नाही असं बाबांच्या आयुष्यात कधी झालेलं मी ऐकलं नव्हतं.

विकण्याची तऱ्हा वेगळी. दुकानात शिरल्या शिरल्या समोर एक शिसवी कपाट उभं आहे. ते विकायला ठेवलेलंच नाही. त्याची किंमत ऐकून गिऱ्हाइकाचे डोळे पांढरे व्हावेत, एवढंच त्याचं काम. मग मागचं साधं कपाट दाखवलं, की गिऱ्हाईक सुटलो म्हणून तेच घेऊन जातं आणि वर आपण किती पैसे वाचवले म्हणून खुशीत असतं.

मी मूळची या वळणाची नव्हे. माझ्या माहेरी आवडलं तर आवडलं म्हणायचे आणि नाही आवडलं तर गप्प बसायचे. लग्नाआधी बाबा आमचं जेवणाचं टेबल विकत घ्यायला आले होते. एका टेबलासाठी चार वेळा आले, आणि दर वेळी त्यात नवी खोट काढली. शेवटी माझे वडील वैतागून म्हणाले, "फुकट घेऊन जा, पण पुन्हा येऊ नका." त्यावर हे म्हणाले, "टेबल नकोच आहे." मग काय हवंय, ते माझ्या आईच्या लगेच लक्षात आलं, माझ्या जरा उशिरा. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून माझ्याबद्दल निघालेला सर्वांत मोठा गौरव म्हणजे "चालेल". मी दुकानाच्या मागच्या खोलीत गाद्या भरते, खुर्च्यांच्या बैठका शिवते, सोफ्यांच्या स्प्रिंगा बांधते, आणि मधूनमधून या माणसावर मनातल्या मनात चिडते. हातातलं काम त्यामुळे अडत नाही, उलट टाके घट्ट बसतात.

आमची मुलगी टिचकी. हे तिचं खरं नाव नाही, पण खरं नाव शाळेच्या दाखल्याखेरीज कुठे वापरलंच जात नाही. रांगायला लागली तेव्हापासून दिसेल त्या लाकडावर टिचकी मारायची आणि कान लावायची. एकदा दुकानात एक भलं जाडजूड टेबल आलं. बाबा मनातून खूश होते, म्हणजे टेबलाला सारखी नावं ठेवत होते. हिनं टिचकी मारली आणि म्हणाली, "बाबा, हे आतून पोकळ आहे." निघालंच पोकळ. तेव्हापासून माल बघायला जाताना बाबा तिला बरोबर नेऊ लागले. "हिला काय कळतंय, सुट्टी आहे म्हणून आणलंय," असं तिथल्या लोकांना सांगायचे आणि हळूच तिच्याकडे बघायचे. तिनं मान हलवली, की सौदा पक्का. बाप आणि लेक, दोघांचे चेहरे असे कोरे, की त्यांच्याबरोबर पत्ते खेळायला कुणी बसत नाही.

तर टिचकीचं शाळेचं शेवटचं वर्ष संपलं, आणि एका रात्री जेवताना तिनं जाहीर केलं, "मला मीडिया आर्ट्सची डिग्री करायची आहे."

बाबांचा धाकटा भाऊ आमच्याकडेच जेवतो आणि दुकानाची गाडी चालवतो. जगातल्या प्रत्येक विषयावर त्याचं मत तयार असतं.

"त्याला स्कोप नाही," काका म्हणाला. "हिशेबाचं काहीतरी शीक. हिशेबवाल्याला मरण नाही."

"तुम्हाला काय माहीत स्कोप नाही म्हणून?" मी विचारलं.

"वहिनी, नावातच आहे की. आर्ट्स."

बाबांनी घास नीट चावून गिळला आणि मग त्यांचा एकुलता एक प्रश्न विचारला. "रीसेलला काय येतं?"

म्हणजे शिकून बाहेर पडल्यावर बाजारात भाव काय. प्रश्न चुकीचा नव्हता. आम्ही काही खोऱ्यानं पैसा ओढणारी माणसं नाही. फी झेपेल अशी हवी आणि पुढे पोरगी आपल्या पायावर उभी राहायला हवी, एवढं कुठलेही आईबाप बघतात. टिचकीनं शांतपणे सांगितलं, की त्यात चार शाखा असतात. कॅमेरा, संकलन, ॲनिमेशन आणि ध्वनी. "ध्वनी आपलं नावापुरतं," असं म्हणून तिनं मीठ मागितलं. मला तिथेच संशय यायला हवा होता. वाटीभर आमटी संपली तरी मी तिला मीठच देत बसले.

बाबांनी चौकशी सुरू केली, पण त्यांच्या पद्धतीनं. ते कुठल्या तज्ज्ञाकडे गेले नाहीत. आठवडाभरानं एका दुपारी मी सोफ्याच्या स्प्रिंगा बांधत होते, तेव्हा मागच्या खोलीत येऊन बसले.

"कुठल्या धंद्यात दम आहे, ते विकायला कोण येतं आणि घ्यायला कोण येतं त्यावरून कळतं," बाबा म्हणाले. "सिनेमा काढणारे आपल्याकडून सोफा नेतात आणि दोन वर्षांनी तोच परत विकायला आणतात. कॅमेरावाले आज घेतात, उद्या विकतात. ॲनिमेशनवाले खुर्च्या नेतात, त्या बसून बसून मोडतात. बिचाऱ्यांना कुणी उठूच देत नसेल."

"आणि आवाजवाले?"

बाबांनी उगाचच दाराकडे बघून घेतलं. "आवाजवाले फक्त घ्यायला येतात. जड कपाटं, जाड पडदे, जुने गालिचे. तुझ्या गाद्यासुद्धा नेल्यात त्यांनी भिंतीला लावायला. कुणी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतं, कुणी जाहिरातींचं काम करतं, कुणी मोबाइलवरच्या खेळांना आवाज पुरवतं. इतक्या वर्षांत त्यांतला एकही काही विकायला आला नाही. आणि त्याची डिग्री सरकारी कॉलेजात आहे, फी अगदी बेताची."

"मग सांगा की तिला!"

मी गिऱ्हाइकाला आमची खरेदीची किंमत सांगायला निघाले असावे, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "असं सांगायचं नसतं. मी ध्वनी घे म्हटलं, की तिला त्यात खोट दिसणार. आपण दुसऱ्याची स्तुती करू. ती आपणहून तिकडे वळेल."

मी कपाळावर हात मारून घेतला. पोरीच्या शिक्षणाचा विषय आणि हा माणूस मागचं साधं कपाट खपवायच्या गोष्टी करत होता.

दुसऱ्याच दिवशी टिचकी एका खाजगी संस्थेचं चकचकीत माहितीपत्रक घेऊन आली. आम्ही तिघं ती संस्था बघायला गेलो. अख्खी इमारत काचेची. आत गेल्यावर सगळीकडे आपलेच चेहरे दिसत होते, तेही जरा घाबरलेले.

"काय इमारत आहे ना, बाबा!" टिचकी म्हणाली.

"इमारत म्हणजे इमारतच आहे," बाबा म्हणाले.

"आणि ते पडदे!"

"वा, वा. पडदे तर फारच."

दोघं एकमेकांच्या वरताण स्तुती करत होते, आणि मी मध्ये उभी राहून एकदा यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. टाय लावलेला एक तरुण आम्हाला टेबलापाशी घेऊन बसला. शंभर टक्के नोकरी, परदेशी पाहुणे, याच आठवड्यात नाव घातलं तर खास सवलत. आमच्या दुकानावर 'शेवटचे काही दिवस' अशी पाटी टिचकीच्या जन्माच्या आधीपासून लागलेली आहे, त्यामुळे सवलतीचं आम्हाला अप्रूप नव्हतं. बाबा बुटाची नाडी बांधायला म्हणून खाली वाकले आणि टेबलाखाली बघून वर आले. मग त्या तरुणानं फीचा कागद आमच्याकडे फिरवला.

माझे डोळे पांढरे झाले. आता बाबा उठणार, दाराकडे निघणार, खाकरणार, म्हणून मी पर्सही उचलली. तेवढ्यात टिचकी दोन्ही हात छातीशी धरून म्हणाली, "बाबा, मला हेच हवं!"

बाबा उठले नाहीत. तिच्याकडे बघत राहिले. मग त्या तरुणाला त्यांनी विचारलं, "कधीपर्यंत भरायचे?"

टिचकीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मला वाटलं, पोरगी आनंदानं भांबावली.

घरी आल्यावर मी बाबांना मागच्या खोलीत गाठलं. "टेबलाखाली काय बघत होतात?"

"चिठ्ठी आहे. भाड्याचं फर्निचर आहे सगळं. आणून वर्षही झालं नसेल."

"अहो, मग अशा ठिकाणी पोरीला घालणार?"

"तिला आवडलंय," बाबा म्हणाले. "आपल्या घरात 'मला हेच हवं' असं आजवर कुणी म्हटलंय का? मी नाही म्हटलं कधी. पोरीनं जन्मात पहिल्यांदा म्हटलं, आणि त्यावर मी घासाघीस करू? शेजारचा छापखानेवाला ही मागची खोली कधीपासून विकत मागतोय. सोमवारी त्याला हो म्हणून सांगतो. त्यात फी भागेल."

"आणि मी कुठे बसून शिवायचं?"

"पुढे. शिसवी कपाटाच्या शेजारी."

मला एकाच वेळी यांना दोन शब्द सुनावावेसे वाटले आणि रडूही आलं. खोली माझी होती. तिथला उजेड, कापडांचे गठ्ठे, खिडकीखालची मशीन, सगळं माझ्या हाताच्या अंतरावर होतं. पण पोरीसाठी हा माणूस भाव न करता काहीतरी घ्यायला निघाला होता, आणि ते मी पहिल्यांदाच बघत होते. "टिचकीला यातलं काही कळता कामा नये," असं त्यांनी बजावलं. तिच्या डोक्यावर ओझं नको म्हणे. मी मूग गिळून गप्प बसले.

शनिवारी सकाळी टिचकी दुकानात येऊन घुटमळायला लागली. "आई, सरकारी कॉलेजात मी सहज एक अर्ज टाकला होता. ध्वनी शाखेचा. आज मुलाखतीला बोलावलंय. जायचं तर जाऊ, नाहीतर राहू दे."

"जाऊ," पलीकडून बाबा म्हणाले. "मोकळेच तर आहोत."

दुकानात तेव्हा एक जोडपं पलंगावर बसून त्याचा भाव विचारत होतं. काकाला त्यांच्यासमोर उभं करून आम्ही निघालो.

कॉलेजची इमारत जुनी होती. रंग ठिकठिकाणी उडालेला, पण फरशी लख्ख. बाहेरच्या बाकांवर मुलं ओळीनं बसली होती, कुणाचे ओठ पुटपुटत होते, कुणी नखं खात होतं. टिचकीचा नंबर आला तेव्हा शिपाई म्हणाला, आईवडील आले तरी चालतील. खोली लहान होती. भिंतींना जाड गाद्यांसारखं काहीतरी लावलेलं, एका बाजूला बटणांचं मोठं यंत्र, आणि बसायला सागवानी खुर्च्या, अशा की हल्ली कुणी बनवत नाही. बाबांनी त्या खुर्च्यांकडे एकदाही बघितलं नाही. तेव्हा मला कळलं, बाबांना ही जागा किती आवडली आहे ते.

समोर ध्वनीच्या मॅडम बसल्या होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात, चहा कपात गार झालेला. "जागा थोड्या आहेत," त्या म्हणाल्या. "फी कमी आहे, काम बऱ्यापैकी मिळतं. नाव मात्र मिळत नाही. सिनेमा संपून लोक उठून गेले, की मग पडद्यावर आपलं नाव येतं. चालणार असेल तर सांग. तुला ध्वनीच का शिकायचंय?"

टिचकीनं छताकडे बघितलं. 

"तसं काही खास नाही," टिचकी म्हणाली. "बघायला आलो होतो."

"बघायला?"

"हो. यंत्र जरा जुनं दिसतंय."

"आणि भिंतीला ओल आहे," बाबा म्हणाले. भिंतीला ओल नव्हती. "बाहेरचा जिना मात्र छान आहे हं तुमचा."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दोघांकडे नीट बघून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, नुसत्या थकल्यासारख्या दिसल्या. "बाहेर इतकी मुलं बसलीत. त्यांतल्या कुणाला तरी हे यंत्र नवं वाटेल. मी तुमचा वेळ घेत नाही. पुढचा!"

बाप आणि लेक एकदमच उठले. सावकाश दाराकडे निघाले. बाबांनी नाडी बांधली. टिचकीच्या बुटाला नाडी नव्हती, तरी तीही वाकली. उंबरठ्यावर दोघंही खाकरले. मागून हाक आली नाही. आम्ही बाहेर पडलो आणि ते जाड दार आपोआप मिटलं. आवाजाच्या खोलीचं दार ते, मिटल्याचंसुद्धा ऐकू आलं नाही.

"बोलावतील," टिचकी म्हणाली.

"बोलावतील की. अजून जिना बाकी आहे," बाबा म्हणाले.

आम्ही जिन्यापर्यंत गेलो. वळून बघितलं, तर पुढचा मुलगा आत जाताना दिसला. टिचकी मटकन पायरीवर बसली.

मग मात्र माझा संयम सुटला. "काय चाललंय काय तुमचं? यंत्र जुनं, भिंतीला ओल! तुम्ही इथे मुलाखतीला आला होतात की पलंग घ्यायला? आणि नकोच होतं, तर आलात कशाला एवढ्या लांब?"

"मला हेच हवं होतं," टिचकी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. मोठं झाल्यापासून तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. हमसून हमसून रडायला लागली.

"हेच म्हणजे?" बाबा म्हणाले. "मग ते काचेचं?"

"ते शिसवी होतं, बाबा! फी ऐकून तुम्ही घाबराल, दाराकडे निघाल, मग मी हे दाखवणार होते. एकदम आवाजाची डिग्री म्हटलं असतं, तर काका हसला असता आणि तुम्ही ओळीनं खोट काढली असती. तुम्ही तर तिथे बसलातच!"

"तू म्हणालीस, मला हेच हवं."

"तुम्ही गिऱ्हाइकाचं कधी खरं मानता का?"

"तू गिऱ्हाईक आहेस का?" बाबा म्हणाले.

बाबांचा आवाज एवढा चिरकलेला मी कधी ऐकला नव्हता. टिचकीचं रडणं जागच्या जागी थांबलं. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून मी सांगून टाकलं, "तुझ्या त्या शिसवीपायी मागची खोली विकायला निघालेत तुझे बाबा. सोमवारी छापखानेवाल्याला शब्द देणार आहेत."

"काय भाव ठरला?" टिचकीच्या तोंडून निघून गेलं, आणि मग ती आणखीच रडायला लागली.

बाबा तिच्या शेजारी पायरीवर बसले. "चांगला नाही ठरला," ते म्हणाले. "पण तुला ते आवडलंय असं वाटलं, तेव्हा मी भाव बघितला नाही. मी स्वतः तुझ्यासाठी हेच ठरवलं होतं. आठवडाभर चौकशी करून."

"हेच म्हणजे?"

बाबा जिन्याच्या छताकडे बघायला लागले. "वर बघू नका," मी म्हटलं. "तिच्याकडे बघून सांगा."

"ध्वनी," बाबा म्हणाले. "मलाही हेच हवं होतं."

 मला हसावं की दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालावा, ते कळेना. अख्खा आठवडा एकच वस्तू हवी असलेली दोन माणसं, एकमेकांना ती नको म्हणून पटवत होती.

"आता काय करायचं?" टिचकीनं विचारलं.

"आत जा आणि सांग," मी म्हटलं.

"पण आई, त्यांनी बोलावलं नाही."

"नाहीच बोलावणार. त्यांना तुला काही विकायचं नाहीये."

टिचकीनं बाहीनं तोंड पुसलं आणि उठली. बाकावरच्या मुलांना म्हणाली, "मला एकच मिनिट द्या, मी माझा नंबर वाया घालवलाय." कुणी हो म्हणालं, कुणी नाक मुरडलं. आत गेलेला मुलगा बाहेर आला तशी ती दार ढकलून आत घुसली. ते दार मिटू नये म्हणून मी त्यात पाय घालून उभी राहिले.

"पुन्हा काय?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मघाशी मी खोटं बोलले. यंत्र मला आवडलं. सगळंच आवडलं. मला ऐकून कळतं. म्हणजे लाकूड भरीव आहे का पोकळ, ते कळतं. आईची मशीन कुठल्या कापडावर चाललीय, ते जिन्यातून कळतं. बाबा घरात शिरले, की सौदा झाला की फिसकटला, ते त्यांच्या पावलांवरून कळतं. हे नुसतंच येतं मला, त्याचं काय करायचं ते माहीत नाही. ते इथे शिकवतात असं मी वाचलं. मला ही जागा हवी आहे. दुसरी कुठलीच नकोय. नाही मिळाली, तर पुढच्या वर्षी परत येईन, आणि तेव्हा आल्या आल्या हेच सांगेन."

"मग आज आल्या आल्या का नाही सांगितलंस?"

"आमच्या घरी हवं असलं, की सांगत नाहीत."

मॅडमनी दारातल्या आम्हा दोघांकडे बघितलं. "खरं का हो हे?"

बाबांनी तोंड उघडलं. आता हे पुन्हा जिन्याची स्तुती करणार, या भीतीनं मी त्यांचा दंड धरला.

"खरं आहे," बाबा म्हणाले. "चूक माझी आहे. मी तिला बोलायला चुकीचं शिकवलं. पण तिचा कान फार चांगला आहे, मॅडम. मी आयुष्यभर बाजारात फिरलोय, असा कान कुणाचा बघितला नाही."

टिचकीनं वळून त्यांच्याकडे बघितलं. हे वाक्य तिनं आजवर ऐकलेलं नव्हतं, मीही नव्हतं.

"बाहेर बसा," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांचं झालं, की शेवटी हिला घेते. ऐकण्याची परीक्षा सगळ्यांना आहे तशीच हिलाही. सवलत मिळणार नाही."

"सवलत नकोच," बाबा म्हणाले. आमच्या लग्नानंतर हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

आम्ही बाकावर बसलो. एकेक मूल आत जात होतं, बाहेर येत होतं, बाक रिकामे होत होते. काकाचा फोन आला, की पलंग विकला गेला, पण जोडप्यानं त्याच्याकडून गादीही फुकट काढून घेतली. बाबांनी "बरं" म्हणून फोन ठेवला. एरवी गादी फुकट गेल्याचं त्यांनी आठवडाभर ऐकवलं असतं. शेवटी टिचकी आत गेली आणि दार मिटलं. आम्ही दोघांनीही कान टवकारले, पण त्या दारातून काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

"नाही मिळालं, तर माझ्यामुळे," बाबा म्हणाले. 

मनात आलं, आता चांगलं खडसावून घ्यावं. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं. पण त्यांचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता, की मला ते जमलं नाही. "बोलायला तुम्ही चुकीचं शिकवलंत, हे खरं," मी म्हटलं. "पण ऐकायलाही तुम्हीच शिकवलंत. पाच वर्षांची असल्यापासून माझ्याकडून मशीन शिकली नाही ती, तुमच्या मागे मागे फिरत होती."

त्यांनी माझा हात धरला. बाकावर, भर कॉलेजात. मी हात काढून घेतला नाही.

दार उघडलं. टिचकी बाहेर आली, आणि तिच्या चेहऱ्यावर सगळं स्पष्ट वाचता येत होतं. तरी बाबांनी विचारलंच, "काय झालं?"

"मिळाली," टिचकी म्हणाली. "सोमवारी फी भरायला बोलावलंय. मॅडम म्हणाल्या, मी एक आवाज असा ओळखला, की जो त्यांनी मुलांना चकवण्यासाठीच ठेवला होता."

"मला फार आनंद झालाय," बाबा मोठ्यानं म्हणाले. एवढ्या मोठ्यानं, की पॅसेजच्या पलीकडच्या टोकाला खिडक्या लावणारा शिपाई वळून बघायला लागला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि माझ्या पिशवीत रुमाल नेमका नव्हता.

टिचकी आमच्या मध्ये येऊन बसली. थोडा वेळ हसली, मग हसणं हळूहळू उतरलं. "बाबा, मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "बाकीची मुलं किती तयारीची होती. मला नाही जमलं तर?"

"मलाही भीती वाटतेय," बाबा म्हणाले.

"तुम्हाला कसली?"

बाबांनी नजर तिच्यावरून काढली नाही. "तू सकाळी इकडे येशील. दिवसभर दुकानात नसशील. मला करमायचं नाही गं."

 टिचकीनं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलं. शिपाई एकेक खिडकी लावत आमच्यापर्यंत आला, कॉलेज बंद होतंय म्हणून दोनदा सांगून गेला, तरी आमच्यापैकी कुणी उठेना.